शब्दातले पीस



एखादा परका शब्द आपल्या दारी येतो, आपण त्याला घाईघाईने ओळखीच्या पाटावर बसवतो आणि मोकळे होतो. पुढे कधी तरी तोच शब्द आपल्याला आपली चूक दाखवील अशी कल्पना त्या वेळी नसते. गेल्या वर्षी ईस्टरनंतरच्या दिवसांत मला असा एक शब्द भेटला. त्याची हकीकत आज आपल्यापुढे मांडावी असे वाटते. तीत थोडी व्युत्पत्ती आहे, थोडा इतिहास आहे, आणि माझ्या हातून घडलेल्या एका अपराधाची कबुलीही आहे.

मी राहतो ते देडतलाई गाव बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या कडेला, सातपुड्याच्या कुशीत आहे. महाराष्ट्राची हद्द येथून जवळ. धारणीच्या वाटेला लागले की मेळघाटाचे डोंगर दिसू लागतात. आमच्याकडची माणसे घरात कोरकू बोलतात, बाजारात हिंदी आणि निमाडी, आणि हद्द ओलांडली की मराठी. अशा गावात शब्दांची ये-जा फार. तरीही अकरावीत शिकणारी एक मुलगी एका संध्याकाळी वही घेऊन ओसरीवर आली आणि तिने विचारले, "फादरजी, पनॅश म्हणजे काय?" तेव्हा मी क्षणभर थबकलो. तिच्या इंग्रजीच्या सरावाच्या पुस्तकात तो शब्द आला होता.

मी सांगितले, "ऐट. झोक. रुबाब म्हण हवे तर." तिने वहीत 'ऐट' असे लिहिले आणि मान वर करून दुसरा प्रश्न केला, "मग ती चांगली की वाईट?"

प्रश्न साधा होता. पण तो विचारताना तिने वहीचे पान उलटले आणि दोन पानांच्या मध्ये जपून ठेवलेले एक मोरपीस माझ्या दृष्टीस पडले. ते पीस मी ओळखले. माझ्या तोंडून उत्तर निघेना. "शब्दकोशात पाहून सांगतो," असे म्हणून मी तिला वाटेला लावले.

ते पीस मी का ओळखले हे सांगण्यासाठी मला आधीच्या रविवारकडे जावे लागेल. त्या दिवशी मी नम्रतेवर प्रवचन करीत होतो. त्या मुलीचे वडील पुढच्या रांगेत बसले होते. एरवी ते मागे, दाराजवळ, भिंतीला टेकून बसणारे. त्या दिवशी त्यांच्या डोक्याला नवा कोरा लाल फेटा होता आणि फेट्यात खोवलेले मोरपीस मान हलली की डुलत होते. बोलण्याच्या ओघात माझी दृष्टी तिकडे गेली, आणि मला एक विनोद सुचला. मी म्हणालो, "देवाच्या घरी येताना मोराची पिसे लावून येण्याचे कारण नाही. देव पिसे मोजीत नाही." नाव कोणाचेही घेतले नाही, पण घेण्याची आवश्यकताही उरली नव्हती. सगळ्यांच्या माना वळल्या, काही लोक हसले. त्यांनी हात वर नेला, पीस हळूच काढले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. फेटा तसाच राहिला. मिस्सा पुढे चालू झाली, आणि आपण एक मार्मिक गोष्ट बोललो अशा समाधानात मी तो दिवस घालवला.

आता त्या शब्दाकडे वळू. मुलगी गेल्यावर रात्री मी सेमिनरीच्या दिवसांपासून जवळ असलेला जाड शब्दकोश काढला. पनॅश हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये इटालियनमधून, आणि त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमध्ये आहे. लॅटिनमध्ये पिन्ना किंवा पेन्ना म्हणजे पीस, पंख. पनॅश म्हणजे पिसांचा झुबका, शिरस्त्राणावर किंवा टोपीवर लावलेला तुरा. सोळाव्या शतकापासून इंग्रज लोक हा शब्द तुरा याच अर्थाने वापरीत आले. ऐटदार वागणुकीचा अर्थ त्याला इंग्रजीत फार उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाला.

तो कसा मिळाला ही कथाही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने 14 मार्च 1590 रोजी इव्री येथे लढाई जिंकली. त्या दिवशी त्याच्या शिरस्त्राणावर पांढरा तुरा होता. निशाणे दिसेनाशी झाली तर माझ्या पांढऱ्या तुऱ्याभोवती जमा, असे त्याने सैनिकांना बजावल्याचे परंपरा सांगते. धुरळ्यात आणि गर्दीत राजा कोठे आहे हे सैनिकाला कळावे म्हणून तुरा. आणि जो सैनिकाला दिसतो तो शत्रूलाही दिसतोच. म्हणजे तुरा लावणे हा शोभेचा भाग असला तरी धोका अंगावर घेण्याचाही भाग होता.

तीनशे वर्षांनी, 28 डिसेंबर 1897 रोजी, एदमों रोस्तां या नाटककाराचे 'सिरानो द बेर्जेराक' हे नाटक पॅरिसच्या रंगभूमीवर आले. नायक मोठ्या नाकाचा, खिशाने रिकामा, तलवारीने आणि जिभेने तिखट. आयुष्यात त्याच्या हाती काहीच लागत नाही. शेवटी मरणाच्या दारात उभा असताना तो म्हणतो की माझे सारे काही घेतलेत तरी एक वस्तू मी डाग न लागलेली घेऊन जात आहे. त्या वस्तूचे नाव हाच त्या नाटकाचा शेवटचा शब्द आहे: पनॅश. टोपीवरचे पीस तेथे माणसाच्या आतले पीस झाले. हे नाटक युरोपभर गाजले आणि शब्दाचा नवा अर्थ त्याच्याबरोबर इंग्रजीत रुजला.

आपल्याकडेही हाच प्रवास झाला आहे, फक्त आपले तिकडे लक्ष नसते. एखाद्याने पराक्रम केला की आपण म्हणतो, त्याच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला गेला. शिरपेच आता कोणी बांधीत नाही, तुरा कोणी खोवीत नाही, पण मान मात्र अजून तुऱ्यानेच मोजला जातो. आपल्या शाहिरी परंपरेत तर दोन पक्षच पिसांच्या नावाने ओळखले गेले: कलगीवाले आणि तुरेवाले. तुरेवाले शिवाची, पुरुषतत्त्वाची थोरवी गाणारे. कलगीवाले शक्तीची. कोकणात शक्ती-तुऱ्याच्या रूपाने हा झगडा अजून रंगतो. आमच्या निमाडातही कलगी-तुऱ्याची गाणी आहेत. राजस्थान आणि माळव्याकडे अशी आख्यायिका सांगतात की तुकनगीर नावाचा हिंदू साधू आणि शाह अली नावाचा मुसलमान फकीर यांचे सवाल-जबाब ऐकून चंदेरीचा राजा प्रसन्न झाला. त्याने आपल्या पगडीवरचा तुरा एकाला व कलगी दुसऱ्याला दिली. राजाने देण्यासारखे काय दिले, तर डोक्यावरचा दागिना. त्या दोघांपाशी त्याहून मोठी वस्तू होती ती वाणी.

ऐटीला मराठीत शब्दांची वाण नाही, आणि त्यांतल्या कित्येक शब्दांना दोन तोंडे आहेत. रुबाब अरबी मुळाचा. तेथे मूळ भाव भीतीचा, धाकाचा. आपल्याकडे येऊन तो कौतुकाचाही झाला. फाकडा हा शब्द घ्या. छानछोकी करणाऱ्यालाही फाकडा म्हणतात आणि निधड्या छातीच्या वीरालाही. इंग्रजांचा कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट 1779 च्या जानेवारीत कार्ल्याजवळ मराठ्यांशी लढताना पडला. मराठ्यांनी त्याच्या नावाचा 'इष्टुर' केला आणि त्याला जोडून 'फाकडा' ही पदवी दिली. शत्रू असूनही त्याचे धाडस डोळ्यांत भरले. वडगाव मावळ येथे त्याची समाधी आहे, आणि त्याचे मूळ इंग्रजी नाव ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही इष्टुर फाकडा ठाऊक असतो.

लॅटिनमध्येही असेच घडले आहे. इंग्रजीतला 'एलिगन्स' हा शब्द ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ निवडणे असा आहे. एलेगन्स म्हणजे निवडून घेणारा, आपल्या भाषेत चोखंदळ. दुसऱ्या शतकातला लेखक औलुस गेल्लियुस याने नोंदवून ठेवले आहे की जुन्या कॅटोच्या काळी हा शब्द स्तुतीचा नव्हता. खाण्यापिण्यात आणि पेहरावात नको तितकी चैन करणाऱ्यालाच एलेगन्स म्हणत. पुढे निवड करण्यात विवेकही असू शकतो हे लोकांना पटले, आणि निंदेचा शब्द स्तुतीचा झाला. मुलीने मला विचारलेला प्रश्न, ऐट चांगली की वाईट, रोमन लोकांनाही पडला होता असे म्हणायला हरकत नाही.

पण शब्दकोशाच्या त्याच नोंदीत पुढे एक गोष्ट होती, तिने माझी झोप उडवली. पनॅश हा शब्द ज्या लॅटिन रूपावरून आला ते रूप म्हणजे पिनाकुलुम, लहानसे पीस, लहानसा पंख. आणि म्हणून छताचे टोक, शिखर. सेमिनरीत शिकलेल्या कोणाही माणसाला हा शब्द परका नाही. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या लॅटिन भाषांतरात, चौथ्या अध्यायात, सैतान प्रभू येशूला यरुशलेमच्या मंदिराच्या ज्या टोकावर उभे करतो त्याला हाच शब्द आहे. मूळ ग्रीकमध्येही 'लहान पंख' असाच शब्द आहे. सैतान म्हणतो, येथून खाली उडी टाक. खाली अंगणात माणसे, वर देवदूत झेलायला तयार. याहून ऐटबाज देखावा दुसरा कोणता असणार? प्रभूने ती उडी घेतली नाही.

वाचकहो, तेथे मी पुस्तक मिटले. कारण मला स्पष्ट दिसले की त्या रविवारी मंदिराच्या टोकावर फेटेवाले गृहस्थ उभे नव्हते, मी उभा होतो. उंच जागा माझी, खाली माणसे, हातात बोलण्याचे कसब, आणि सगळे आपल्याकडे पाहत आहेत याची मनातून सुखावणारी जाणीव. त्यांनी पीस लावले होते, पण उडी मी घेतली. आणि ती घेताना एका गरीब माणसाच्या डोक्यावर पाय ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या धर्मशिक्षकांना विचारले, "त्या दिवशी त्यांनी नवा फेटा कशासाठी बांधला होता?" ते चकित होऊन माझ्याकडे पाहत राहिले. "फादर, तुम्हांला ठाऊक नाही? त्यांची उचल फिटली."

उचल म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबे पावसाळा संपला की ऊसतोडीला महाराष्ट्रात जातात. मुकादम आगाऊ रक्कम देतो, ती उचल. मग ती रक्कम अंगावरून फिटेपर्यंत मोळ्या बांधायच्या, गाड्या भरायच्या. आजारपण आले, एखादा हंगाम वाया गेला, की उचल पुढच्या वर्षावर जाते. त्या गृहस्थांची उचल सात हंगाम फिटली नव्हती. थोरला मुलगा याच कारणाने शाळेतून निघाला. धाकट्या मुलीला मात्र त्यांनी आजीजवळ ठेवून शिकवले. त्या वर्षी शेवटचा हिशेब मिटला, आणि गावी परतल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही: नवा फेटा घेतला, शिवारात गळून पडलेले मोराचे पीस त्यात खोवले आणि पुढच्या रांगेत येऊन बसले.

ऊस पक्व झाला की त्याला शेंड्याला फुलोरा येतो. त्यालाही मराठीत तुराच म्हणतात. ऊस तुऱ्यावर आला की त्याची वाढ थांबते आणि तोडणीची घाई सुरू होते. सात वर्षे हा माणूस दुसऱ्यांच्या शेतातले तुरे तोडीत होता. एक तुरा त्याने स्वतःच्या डोक्यावर लावला, आणि तो मी उतरवला.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात बाज विणीत होते. मला पाहून लगबगीने उठले, बसायला घोंगडी टाकली, आत चहा सांगितला. मी म्हटले, "दादा, मी त्या रविवारी तुम्हांला सगळ्यांसमोर लागेल असे बोललो. मला ते बोलायला नको होते. मला क्षमा करा." ते फार अवघडले. वयाने ते माझ्याहून फारसे मोठे नव्हते, पण उन्हाने आणि पाल्याच्या ओरखड्यांनी चेहरा कितीतरी जुना दिसत होता. बराच वेळ ते दोरी ओढीत राहिले. मग म्हणाले, "फादरजी, तुम्ही सांगितले, मी काढले. त्यात काय? मला वाटले होते, देवाला दाखवावे, आता मी कोणाचा देणेकरी नाही. बस्स."

मी म्हटले, "येत्या रविवारी पुन्हा लावून या. मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगेन."

त्यांनी मान हलवली. "नको. एकदा लावायचे असते ते. आता ते पोरीच्या वहीत आहे, तेथेच बरे."

या उत्तरावर मला बोलता आले नाही. काही गोष्टींची क्षमा मिळते, भरपाई मिळत नाही. पुढच्या रविवारी मी त्यांचे नाव न घेता प्रवचनात माझी चूक सांगितली. या वेळी कोणी हसले नाही. ते नेहमीप्रमाणे मागे, दाराजवळ बसले होते. फेटा होता, पीस नव्हते.

आमच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बऱ्हाणपूरच्या इतिहासातला एक प्रसंग या सगळ्यामुळे मला वारंवार आठवतो. 1615 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरकडे जाताना तेथे थांबला. जहांगीर बादशहाचा मुलगा परवेझ तेव्हा बऱ्हाणपुरास दरबार भरवीत असे. रोला सांगण्यात आले की शहजाद्यापुढे जमिनीला डोके टेकवावे लागेल. त्याने नकार दिला. ती रीत चाकरांची आहे, मी मानाने भेटीस आलो आहे, असे म्हणून त्याने आपल्या देशाच्या पद्धतीने मुजरा केला. बसायला आसन मागितले, ते मिळाले नाही. शेवटी चांदीने मढवलेल्या एका खांबाला टेकून उभे राहण्याची मुभा मिळाली. हे सारे त्याच्याच रोजनिशीत आहे. दरबारात त्या दिवशी रत्ने आणि पिसे यांची काय उणीव असेल! पण वाकायला नकार देणाऱ्या त्या माणसाच्या ताठ मानेची आठवण चारशे वर्षे टिकली. फरक एवढाच की रोच्या पाठीशी एक राजा उभा होता. ऊस तोडणाऱ्याच्या पाठीशी कोण असते? म्हणून त्याची ताठ मान अधिक मोलाची.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र द्यायचे राहिले होते. सुट्टी लागण्यापूर्वी ती पुन्हा आली. मी तिला सांगितले, "पनॅश म्हणजे मूळचे पीस. ऐट हा अर्थ मागाहूनचा. तू लिहिलेला शब्द खोडू नकोस, फक्त त्याच्याआधी 'तुरा' असे लिही."

"आणि चांगली की वाईट?"

"ऐट करताना माणूस स्वतःची मान वर करतो की दुसऱ्याची खाली घालतो, ते पाहावे. पहिली ऐट देवालाही आवडत असावी. दुसरी माझ्याकडून घडली, म्हणून मला ती चांगली ओळखता येते."

तिला सगळे कळले की नाही, सांगता येत नाही. ती वहीत लिहू लागली. तेव्हा मला आठवले आणि मी म्हणालो, "तुझ्या हातात आहे त्या पेनचे नावही त्याच लॅटिन शब्दावरून आले आहे. पूर्वी पिसानेच लिहीत असत."

तिने हातातल्या पेनकडे पाहिले, मग वहीतल्या मोरपिसाकडे. "म्हणजे बाबांनी मला दोन्ही दिली," ती म्हणाली, आणि खाली मान घालून पुढचा शब्द शोधू लागली.